झोताच्या आतलं डिस्पर्शन

वलयाकार त्वरकात धावणाऱ्या प्रोटॉनांच्या झोतात सगळ्यांचा संवेग नेमका सारखा कधीच नसतो. कुणाचा हजारामागे एक-दोनने जास्त, कुणाचा तितकाच कमी. डायपोल, म्हणजे झोत वळवणाऱ्या, चुंबकात जास्त संवेगाचा कण कमी वळतो आणि थोड्या बाहेरच्या कक्षेत स्थिरावतो. संवेगातल्या फरकामागे कक्षा किती सरकते, त्या प्रमाणाला डिस्पर्शन म्हणतात आणि ते मीटरमध्ये मोजतात. डिस्पर्शन दीड मीटर असेल, तर हजारामागे एक इतका जादा संवेग असलेला कण दीड मिलिमीटर बाहेरून फिरेल. एकट्या कणापुरता हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. चुंबकांची मांडणी हातात असली की कुठलाही ऑप्टिक्स प्रोग्रॅम वलयाच्या प्रत्येक बिंदूवरचं डिस्पर्शन क्षणात काढून देतो.

मला त्याच्या पुढचं हवं होतं. झोतातले प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. त्यांच्या विद्युत अपकर्षणातला बराच भाग त्यांच्याच चुंबकीय आकर्षणाने कापला जातो, पण पूर्ण नाही. उरलेलं बल गॅमाच्या, म्हणजे कणाची एकूण ऊर्जा भागिले स्थिर-वस्तुमानाची ऊर्जा या गुणोत्तराच्या, वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. ऊर्जा कमी तितका हा उरलेला धक्का मोठा. यालाच स्पेस चार्ज म्हणतात. हा धक्का क्वाड्रुपोल चुंबकांच्या एकवटण्याच्या विरुद्ध काम करतो, त्यामुळे कणाची ट्यून, म्हणजे एका फेरीत तो किती वेळा डोलतो ती संख्या, खाली येते. एल. जॅक्सन लॅस्लेट यांनी १९६३ साली या घसरणीचा हिशेब मांडला आणि आजही कमी ऊर्जेच्या प्रत्येक वलयाची मर्यादा पहिल्यांदा तिथूनच काढतात. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या पीएस बूस्टर या छोट्या वलयाचं उदाहरण बोलकं आहे. तिथे २०२० मध्ये लिनॅक-४ हा सरळ रेषेतला त्वरक जोडून प्रोटॉन आत सोडण्याची ऊर्जा ५० वरून १६० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर नेली, कारण तेवढ्याने बीटा, म्हणजे प्रकाशवेगाच्या तुलनेतला कणाचा वेग, आणि गॅमाचा वर्ग यांचा गुणाकार ०.३५ वरून ०.७१ होतो. ट्यूनची घसरण या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ती तेवढीच ठेवून झोत दुप्पट दाट करता येतो.

ट्यूनबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे. मग डिस्पर्शनचं काय होतं? एकवटणं सैल झालं तर जास्त संवेगाचा कण आणखी बाहेर जायला हवा. ते सिम्युलेशनमध्ये स्वच्छ दिसतं का, आणि दिसतं ते नेमकं काय असतं, हे मला स्वतः बघायचं होतं.

सुरुवातीला खऱ्या यंत्राचं लॅटिस, म्हणजे चुंबकांची मांडणी, घ्यायचं नाही असं ठरवलं. खऱ्या लॅटिसमध्ये दहा गोष्टी एकाच वेळी बदलतात आणि उत्तर कुठून आलं ते कळत नाही. म्हणून एक आदर्श वलय मांडलं: त्रिज्या २५ मीटर, सगळीकडे एकसारखं वळण, एकसारखं एकवटणं, दोन्ही दिशांना ट्यून ४.२, प्रोटॉनांची ऊर्जा १६० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. अशा वलयात डिस्पर्शन म्हणजे त्रिज्या भागिले ट्यूनचा वर्ग. २५ ला १७.६४ ने भागलं की १.४२ मीटर. झोतात गुच्छ नकोत, सलग वाहता झोत हवा, म्हणजे प्रत्येक कणाचा संवेग स्थिर राहतो. संवेगाचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) विस्तार हजारामागे दीड आणि डिस्पर्शन सोडून उरलेली झोताची आरएमएस रुंदी ४ मिलिमीटर धरली. डिस्पर्शनमुळे त्यात २.१ मिलिमीटरची भर पडते. वर्गांची बेरीज करून एकूण आडवी रुंदी साडेचार मिलिमीटर होते.

इथे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने जपावी अशी एक बाब सांगते. मॅड-एक्स हा प्रोग्रॅम डिस्पर्शन देतो ते संवेगाच्या फरकामागे नसतं. त्याचं चल ऊर्जेचा फरक भागिले संदर्भ-संवेग गुणिले प्रकाशवेग असं आहे. प्रकाशवेगाच्या जवळ धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी दोन्ही एकच. पण १६० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचा बीटा ०.५२ आहे, त्यामुळे छापून आलेल्या आकड्याला बीटाने गुणल्याशिवाय तो ओळखीच्या डिस्पर्शनशी जुळत नाही. जवळजवळ दुपटीचा फरक! प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे ट्रॅकिंगच्या, म्हणजे कण फेरीमागून फेरी फिरवणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये वेगळं चल असलं की तुलना करताना हा गुणक पुन्हा आठवावा लागतो.

मग समीकरणं. १९९८ साली मार्को व्हेंतुरिनी आणि मार्टिन रायझर यांनी स्पेस चार्ज आणि डिस्पर्शन एकत्र धरणारी आरएमएस समीकरणं प्रसिद्ध केली. त्याच वर्षी एस. वाय. ली आणि हिरोमी ओकामोतो यांनीही सिंक्रोट्रॉनमधल्या स्पेस चार्जने भारलेल्या झोतावर काम छापलं. मला या समीकरणांचं सौंदर्य त्यांच्या गुंत्यात दिसतं. डिस्पर्शनच्या समीकरणात एकवटण्याच्या बलातून स्पेस चार्जचं पद वजा होतं. ते पद झोताच्या एकूण रुंदीवर ठरतं. एकूण रुंदीत डिस्पर्शनचा वाटा असतो. म्हणजे डिस्पर्शन वाढलं की झोत रुंदावतो, रुंदावला की धक्का कमी होतो, धक्का कमी झाला की डिस्पर्शन थोडं मागे येतं. स्वतःलाच लगाम घालणारं चक्र.

माझ्या वलयात साधारण ६.७ लाख कोटी प्रोटॉन घातले. मूळच्या रुंदीवरून हिशेब केला तर आडवी ट्यून ३.९० वर येते आणि डिस्पर्शन १.६४ मीटर. तेच चक्र पुन्हापुन्हा फिरवून स्थिर उत्तर काढलं तर ट्यून ३.९३ आणि डिस्पर्शन १.६२. लगाम बसतो, पण जेमतेम. मूळ १.४२ पेक्षा वाढ चौदा टक्के आहे आणि ती दुर्लक्षण्याजोगी मुळीच नाही. हा सगळा हिशेब वहीत पानभर जागेत मावतो, आणि सिम्युलेशनला हात घालण्याआधी तो करून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. उत्तर कुठे पडायला हवं हे माहीत नसताना लाखो कण फिरवून हाती आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या आधारावर?

आता कण. स्पेस चार्जसाठी पार्टिकल-इन-सेल पद्धत वापरली. खरे प्रोटॉन लाख कोटींत, त्यांच्या जागी काही लाख मॅक्रोकण, प्रत्येक जण अनेक प्रोटॉनांचा प्रतिनिधी. वलयाचे छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात कण चुंबकांतून पुढे सरकवायचे, मग सगळ्यांचा प्रभार एका जाळीवर वाटायचा, जाळीवर फुरिये रूपांतराने, प्रभारावरून क्षेत्र देणारं पॉयसन समीकरण सोडवायचं, आलेलं क्षेत्र परत कणांच्या जागी आणायचं, प्रत्येकाला धक्का द्यायचा आणि पुढच्या तुकड्यात जायचं. तुकडे, जाळीची घरं आणि मॅक्रोकण या तिन्ही संख्या बदलून उत्तर हलत नाही ना, हे तपासायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

डिस्पर्शन कणांच्या गर्दीतून काढायचं कसं? प्रत्येक कणाची जागा आणि संवेगाचा फरक यांच्या गुणाकाराची सरासरी घ्यायची आणि तिला संवेगाच्या फरकाच्या वर्गाच्या सरासरीने भागायचं. कणांचा ठिपक्यांचा आलेख काढला, आडव्या अक्षावर संवेग आणि उभ्या अक्षावर जागा, तर त्या ढगातून जाणाऱ्या सर्वोत्तम रेषेचा चढ म्हणजे हे डिस्पर्शन. पण ढग जाड आहे. चार मिलिमीटरची रुंदी डिस्पर्शनशी असंबद्ध असते आणि ती गोंगाट बनून येते. हजार कणांवर या चढात साधारण ९ सेंटिमीटरची अनिश्चितता राहते, एक लाखावर ९ मिलिमीटर, दहा लाखांवर ३ मिलिमीटर. मला पकडायचा फरक वीस सेंटिमीटरचा होता, त्यामुळे लाखभर कणांत भागलं. सुरुवातीच्या कणांतून यदृच्छेने आलेला संबंध आधीच गणिताने काढून टाकला की ते आणखी सोपं जातं.

जुळवलेला झोत सोडला, म्हणजे १.६२ मीटरचं डिस्पर्शन कणांच्या मांडणीतच घालून. चढ १.६२ जवळ टिकून राहिला. समीकरण आणि लाखभर कण एकच सांगत होते.

हे जुळणं गृहीत धरण्यासारखं नव्हतं. आरएमएस समीकरणं अचूक का चालतात, याचं उत्तर फ्रँक सॅकरर यांच्या १९७१ च्या निष्कर्षात आहे: लंबवर्तुळी सममिती असलेल्या कुठल्याही झोतासाठी आरएमएस रुंदीचं समीकरण तेच राहतं, आतली मांडणी गाउसियन (घंटेच्या आकाराची) असो की एकसारखी. डिस्पर्शनसाठी आणखी एक अट लागते. ठरावीक जागी असलेल्या कणांचा सरासरी संवेग त्या जागेच्या सरळ प्रमाणात असायला हवा. जागा आणि संवेग दोन्ही गाउसियन असतील तर ती अट आपोआप पाळली जाते. संवेगाची मांडणी पॅराबोलाच्या आकाराची असेल तर ती तंतोतंत पाळली जात नाही, आणि वलयात गुच्छ असले की संवेग बरेचदा तसाच असतो. तिथे समीकरण जवळपासचं उत्तर देतं, नेमकं नाही.

यानंतरची तपासणी मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते. यंत्रावर डिस्पर्शन प्रत्यक्ष मोजतात ते वेगळ्या रीतीने. आरएफची, म्हणजे झोताला ऊर्जा देणाऱ्या रेडिओ-लहरींच्या क्षेत्राची, वारंवारता किंचित बदलतात, त्यामुळे सगळ्या झोताचा संवेग एकदम सरकतो, आणि झोताचं केंद्र किती सरकलं ते पोझिशन मॉनिटरवर वाचतात. मीही तेच केलं. सगळ्या मॅक्रोकणांचा संवेग हजारामागे एकने वाढवला, स्पेस चार्ज पूर्ण जोरात चालू ठेवला आणि केंद्राची स्थिर जागा पाहिली. ती १.४२ मिलिमीटर सरकली. १.६२ नव्हे! त्याच क्षणी, त्याच झोतात, ढगातून जाणाऱ्या रेषेचा चढ मात्र १.६२ मीटरच होता.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. कण एकमेकांना जे बल देतात त्याची बेरीज शून्य होते. बोटीत बसून बोटीलाच आतून ढकललं तर ती पाण्यात पुढे जात नाही, तसा झोत स्वतःच्या केंद्राला स्वतः ढकलू शकत नाही. सगळा झोत बाहेर सरकला की त्याचं क्षेत्रही त्याच्याबरोबर सरकतं, म्हणून केंद्राला फक्त चुंबकांचं एकवटणं जाणवतं आणि त्याचं डिस्पर्शन मूळचंच राहतं. याउलट स्थिर झोतात फक्त एका कणाचा संवेग जास्त असला, तर तो झोताच्या केंद्रापासून दूर जातो, तिथे इतर सगळे त्याला आणखी बाहेर ढकलतात आणि त्याचं डिस्पर्शन वाढतं. झोताला डिस्पर्शन एक नाहीच. एक केंद्राचं, एक आतलं.

हे एका साध्या बटणानेही दाखवता येतं. स्पेस चार्ज हिशेबात घेण्याची दुसरी, स्वस्त पद्धत म्हणजे गोठवलेलं क्षेत्र: झोत गाउसियन धरून त्याचं क्षेत्र सूत्राने काढायचं आणि तेच प्रत्येक फेरीत वापरायचं. गोल नसलेल्या गाउसियन झोतासाठी बासेट्टी आणि अर्स्किन यांचं १९८० चं सूत्र त्यासाठी नेहमी वापरतात. सर्नच्या एक्ससूट या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये गोठवलेलं, अर्धगोठवलेलं आणि पार्टिकल-इन-सेल असे तिन्ही पर्याय आहेत. गोठवलेल्या क्षेत्राचं केंद्र वलयाच्या अक्षावर खिळवून ठेवलं, तर संवेग सरकवलेल्या झोताचं केंद्र १.४२ च्या बऱ्याच पुढे जातं, कारण आता एक बाहेरचं, जागच्या जागी उभं असलेलं क्षेत्र त्याला ढकलतं. असं क्षेत्र खऱ्या यंत्रात अस्तित्वात नाही. क्षेत्राचं केंद्र दर फेरीला झोताच्या केंद्रावर आणून ठेवलं की १.४२ परत मिळतं. गोठवलेली पद्धत मला आवडते. तिच्यात मॅक्रोकणांचा गोंगाट नसतो आणि लांब पल्ल्याच्या ट्रॅकिंगला ती अतिशय उपयोगी आहे. पण डिस्पर्शनचा प्रश्न विचारायचा असेल तर क्षेत्राचं केंद्र कुठे आहे, हे आधी तपासायलाच हवं.

आतलं डिस्पर्शनसुद्धा खरं तर एकच आकडा नाही. गाउसियन झोतात क्षेत्राचा चढ मध्यभागी सर्वांत तीव्र असतो, आरएमएस हिशेबातल्या पदाच्या दुप्पट. अगदी मध्यावर, छोट्या संवेगफरकाच्या कणाची ट्यून ३.६४ पर्यंत उतरते आणि त्याचं डिस्पर्शन १.८९ मीटर होतं. जसजसा संवेगाचा फरक वाढतो तसतशी कणाची स्थिर कक्षा झोताच्या कडेला आणि बाहेर जाते, तिथे धक्का ओसरतो आणि वाढीचा दर मूळच्या १.४२ कडे परततो. संवेगाच्या तुलनेत स्थिर कक्षेचा आलेख काढला की सरळ रेषेच्या जागी वळणदार रेघ मिळते: मध्ये चढी, दोन्ही टोकांना मंद. १.६२ ही त्या रेघेची झोतभर घेतलेली सरासरी. हा आलेख पहिल्यांदा पडद्यावर उमटला तेव्हा मी तो बराच वेळ नुसता बघत होते. एका साध्या प्रमाणाच्या आत इतकी घडण असेल असं समीकरणाकडे बघून जाणवत नाही.

याने व्यवहारात काय फरक पडतो, तर बराच पडतो. झोताची एमिटन्स, म्हणजे कणांच्या जागेचा आणि दिशेचा एकत्रित पसारा, मोजताना झोतातून बारीक तार फिरवणाऱ्या वायर स्कॅनरवरून एकूण रुंदी घेतात, डिस्पर्शनचा वाटा वर्गातून वजा करतात आणि उरलेल्याला बीटा फलनाने भागतात (हा बीटा वेगाचा नव्हे; चुंबकांमुळे झोत कुठे किती रुंद होतो ते सांगणारं हे फलन). वजा करायचं डिस्पर्शन बहुधा आरएफ बदलून मोजलेलं, म्हणजे केंद्राचं असतं. स्पेस चार्ज चालू असताना माझ्या वलयात एकूण रुंदी ४.७९ मिलिमीटर आली. तिच्यातून १.४२ चा वाटा काढला तर डोलण्याचा म्हणून उरणारा वर्ग खऱ्यापेक्षा ८ टक्के जास्त दिसतो. बीटा फलनही स्पेस चार्जविना काढलेलं असेल तर एमिटन्स १५ टक्के फुगून येते, आणि झोत प्रत्यक्षात जराही बिघडलेला नसतो. दाट झोताची एमिटन्स विरळ झोतापेक्षा जास्त मोजली गेली, तर त्यातला किती भाग असा आलेला आहे हे तपासल्याशिवाय वाढ झाली असं म्हणू नये.

उलट दिशेचा प्रयोगही केला. झोत मुद्दाम मूळच्या १.४२ मीटर डिस्पर्शनने सोडला, जणू स्पेस चार्जचा विचार न करता जुळवणी केली. आतलं डिस्पर्शन लगेच डोलायला लागतं आणि झोताची रुंदीही त्याबरोबर. प्रत्येक कणाची ट्यून वेगळी असल्याने हे डोलणं हळूहळू विरतं, पण त्यातली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती एमिटन्सची खरी वाढ होऊन बसते आणि काही कण दूर फेकले जातात. ही वाढ मोजमापातली नाही, ती परत घेता येत नाही.

आदर्श वलय सोडून एकवटणाऱ्या आणि पसरवणाऱ्या क्वाड्रुपोलांच्या पेशींवर, म्हणजे वलयभर पुन्हापुन्हा येणाऱ्या जोड्यांवर आले, तेव्हा २४ पेशी घेतल्या, म्हणजे दर पेशीला कणाच्या डोलण्याचे ६३ अंश. यामागे कारण होतं. दर पेशीला ९० अंशांच्या वर गेलं की झोताची रुंदी अस्थिर होऊ शकते हे जुनं ज्ञान आहे. डिस्पर्शनची स्वतःची अशी अस्थिरता १२० अंशांच्या आसपास असते, कारण तिथे डिस्पर्शनचं डोलणं आणि रुंदीचं डोलणं मिळून एका पेशीत पूर्ण ३६० अंश भरतात. त्यावरचं काम २०१७ मध्ये छापून आलं. मला दोन्हींपासून दूर राहायचं होतं. पेशींमुळे डिस्पर्शन वलयभर वरखाली होतं आणि स्पेस चार्जचे धक्के प्रत्येक पेशीत पुरेसे दाट द्यावे लागतात, पण मुख्य गोष्ट तीच राहते.

गुच्छ आणले की चित्र पुन्हा बदलतं. गुच्छाच्या मध्यभागी प्रभार दाट, टोकांना विरळ. त्यामुळे आतलं डिस्पर्शन मध्यभागी वाढलेलं आणि टोकांना मूळच्या जवळ, असं गुच्छाच्या लांबीभर बदलत जातं. शिवाय कण सिंक्रोट्रॉन डोलण्यात मध्यातून टोकाला आणि परत येतात, त्यांचा संवेगही त्याबरोबर बदलतो. हे डोलणं फेऱ्यांच्या मानाने इतकं संथ असतं की कण जिथे असेल तिथल्या डिस्पर्शनशी जुळवून घेत राहतो. इथे पार्टिकल-इन-सेलचा गोंगाट डोकं वर काढतो. हजारो फेऱ्यांत मॅक्रोकणांच्या खडबडीतपणामुळे एमिटन्स आपोआप वाढत जाते, आणि खरी वाढ तिच्यापासून वेगळी करायला तोच हिशेब चौपट कणांनी पुन्हा चालवावा लागतो.

हा विषय फक्त प्रोटॉनांचा नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉन वलयात, घेर अवघा ११.५२ मीटर, १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन १०० मिलिअँपियरपर्यंतच्या प्रवाहाने फिरवता येतात, आणि तिथे स्पेस चार्ज एकवटण्याच्या बलाला अगदी तोडीस तोड येतो. अशा झोतात चौदा टक्क्यांचा नाही, कित्येक पटींचा फरक आतल्या आणि केंद्राच्या डिस्पर्शनमध्ये पडायला हवा.

सध्या मी नळीच्या भिंती घालते आहे. आतापर्यंतचं सगळं मोकळ्या अवकाशातलं होतं, आणि केंद्राचं डिस्पर्शन अढळ राहतं ते त्यामुळेच. धातूची नळी आली की झोत बाजूला सरकताच भिंतीत प्रतिमा-प्रभार उभे राहतात आणि ते केंद्रालाही खेचतात, कारण ते झोताचा भाग नाहीत. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या गोल नळीत माझ्या झोतासाठी हा परिणाम अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, १.४२ चे १.४३. अरुंद आणि चपट्या नळीत तो किती वाढतो ते बघायला पॉयसन समीकरणाच्या सीमा बदलाव्या लागतात, आणि त्यासाठी जाळी आता झोताच्या मागे सरकती न ठेवता नळीला बांधून घेतली आहे.